एका कान्याची निवडणूक

आज सकाळी एसी बंद केला आणि घर ऐकू आलं. उन्हाळाभर ती घरघर डोक्यावर बसलेली असते. मग एके दिवशी वारा कूस बदलतो, खिडकी उघडते आणि कळतं की खालच्या मजल्यावरच्या बाळाला खोकला झालाय, आमच्या इमारतीच्या राखणदाराचा, म्हणजे हारिसचा, रेडिओ अजून जिवंत आहे आणि समोर कुणीतरी सुरमई तळतंय. कुवेतच्या या महबूला भागात समुद्र दोन गल्ल्यांवर आहे, पण त्याचा वास आमच्यापर्यंत पोचतो तो याच दिवसांत.

या हवेत लोक वाळवंटात तंबू ठोकायच्या गोष्टी करायला लागतात. मी मात्र पत्रकांच्या गोष्टी करायला लागते, कारण ही हवा म्हणजे निवडणूक.

हसू नका. आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक दर दोन वर्षांनी याच दिवसांत येते. तुम्हाला वाटेल, त्यात काय एवढं? गणपती, कोजागिरी, हळदीकुंकू, एक स्मरणिका. मीही तसंच म्हणायचे. रत्नागिरीत कॉलेजला असताना मी एसटीच्या पासासाठी पत्रकं लिहिली होती, मुलींच्या वसतिगृहातल्या पाण्यासाठी लिहिली होती, प्राचार्यांच्या दारात बसून घोषणा दिल्या होत्या. असल्या मुलीला कोजागिरीच्या दुधात केशर किती, याचं काय? दादा-वहिनीकडे कुवेतला राहायला आले, मिरकाबच्या एका टायपिंग सेंटरमध्ये लोकांचे सरकारी अर्ज भरून द्यायच्या कामाला लागले आणि ठरवलं, आता गप्प बसायचं. जमलं नाही.

त्याला कारण एक वाक्य. दोन वर्षांपूर्वीच्या गणेशोत्सवात अध्यक्ष वर्तकसाहेबांनी माइकवरून ते उच्चारलं: “फॅमिली मंडळी आधी जेवून घेतील. बॅचलर मंडळींनी कृपया मागे थांबावं.”

बॅचलर! इथे या शब्दाचा अर्थ अविवाहित असा नाही, हे नवख्याला सांगावं लागतं. ज्याची बायको गावाला आहे तो बॅचलर. पन्नाशीचा, नातवंडांचा, गुडघे दुखणारा माणूससुद्धा बॅचलर. तर त्या दिवशी अर्दिया या दूरच्या कामगारवस्तीतले असे वीस-बावीस बॅचलर हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. मखर त्यांनी बांधलं होतं, सतरंज्या त्यांनी घातल्या होत्या, पाचशे खुर्च्या त्यांनी उतरवल्या होत्या. त्यांची पाळी येईपर्यंत मसालेभात संपला. वरण उरलं होतं. त्यांनी वरण-पाव खाल्ला आणि खुर्च्या परत गाडीत चढवल्या. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला, आणि सहा वर्षं बिनविरोध निवडून येणारे वर्तकसाहेब एका रात्रीत डळमळले.

मी त्या भिंतीजवळ गेले होते. पाव खाणाऱ्यांतल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारलं, “काका, राग नाही येत?”

“राग इलो तर खंय ठेवू गो? खोलयेत आठ जण आसंव,” ते म्हणाले.

ते विश्राममेस्त्री. कणकवलीकडचे. अर्दियाच्या एका सुतारशाळेत एकोणीस वर्षं काम करत होते. “माझो झील बी.कॉम. झालो, चेडवाचा लगीन झाला, नातू चलाक लागलो, आणि मी हय बॅचलर! बायलेक सांगितलंय तर ती हसान हसान पडली,” असं म्हणून ते स्वतःही हसले. मी नाही हसले. मी घरी जाऊन मंडळाची घटना वाचली.

घटना सात पानांची. त्यात मतदानाचं कलम होतं: एक कुटुंब, एक मत. म्हणजे आमच्या घरात मत दादाचं. वहिनीला नाही, मला नाही. आणि ज्यांचं कुटुंब इथे नाही ते ‘सहयोगी सदस्य’. त्यांना श्रमदान करता येईल, मत देता येणार नाही. श्रमदान हा शब्द तिथे छापलेला होता! मी ते पान वहिनीपुढे धरलं तर ती कणीक मळता मळता म्हणाली, “तुला आज कळलं होय?”

आणि आमच्या मंडळाकडे मतपेटी होती बरं का. सागवानी, पितळी कडीची, वर फट असलेली, झाकणावर कमळ कोरलेलं. बिनविरोधांच्या राज्यात तिला काम नव्हतं, म्हणून कोजागिरीला लकी ड्रॉच्या चिठ्ठ्या तिच्यात टाकायचे. ती कुणी बनवली होती ते वेगळं सांगायला नकोच. मेस्त्री एकदा म्हणाले, “मार्चात माझा काँट्रॅक्ट सोपता. मगे कायमचो घराक. जावच्या आधी माझ्या पेटयेत माझी एक चिठ्ठी टाकूची आसा. बस.”

त्यांनी ते सहज म्हटलं, चहात पाव बुडवताना. पण माझ्यासाठी निवडणूक त्या क्षणी सुरू झाली.

उमेदवार शोधायला लांब जावं लागलं नाही. शबाना परकार. मूळच्या दापोलीच्या, नवरा जहाजावर, म्हणून कुटुंबाचं सदस्यत्व त्यांच्या नावावर. एका शाळेच्या बसव्यवस्थेवर त्या देखरेख करायच्या. महबूलातल्या एकूण एक आईला त्या थांब्यावरून ओळखायच्या. कुणाचं पोर रडतं, कुणाचं डबा विसरतं, कुणाची सासू नुकतीच आलीय, सगळं पाठ. आणि महबूला ज्याचं, मंडळ त्याचं, हे मंडळातलं शेंबडं पोरही सांगेल, कारण निम्मी कुटुंबं इथेच राहतात.

“मला कशाला ओढतेस यात?” शबानाभाभी म्हणाल्या. त्यांच्या हातात झुबैदी होतं, आपलं पापलेटच ते. कोयत्यानं कल्ले काढत होत्या. “वर्तकसाहेब माझ्या मुलाला गणित शिकवतात. फुकट.”

“म्हणून बावीस माणसांनी उपाशी राहायचं?”

त्यांनी मासा उलटा केला. दुसऱ्या बाजूचे खवले काढले. मग म्हणाल्या, “पत्रक तू लिहिणार ना? आधी मला दाखव.”

मी लिहिलं. काय लिहिलं! हुकूमशाही होती, मुजोरी होती, ‘खुर्चीला चिकटलेली जळू’ होती. भाभींनी बसच्या हजेरीवहीतलं लाल पेन काढलं आणि वाक्यावाक्यावर काट मारत गेल्या. “विशेषणं काढ गं. सकाळी सहाला डबे भरणारी बाई विशेषणं वाचत नाही. नावं वाचते. कुणाला जेवायला मिळालं नाही, त्यांची नावं घाल.”

नावं घालायला मी अर्दियाला गेले. आणि तिथे मेस्त्रींनी जळू पकडली. ती मी गुपचूप परत आणली होती.

“ह्या काढ.”

“का? खोटं आहे?”

“आमच्या खोलयेतलो गोपाळ गेलो तेव्हा त्याची बॉडी गावाक पाठवूक चार दिवस ऑफिसांच्या पायऱ्यो कोणी झिजवल्यो? वर्तकसायबान. गरमेत. कोटात. तो माणूस वायट नाय गो. तेका आमी दिसनव नाय, इतक्याच.”

मी जळू काढली. पण ‘दिसत नाही’ हे मला जळूपेक्षा भयंकर वाटलं, आणि अजून वाटतं. वाईट माणसाविरुद्ध पत्रक लिहिणं सोपं असतं. न दिसणाऱ्याविरुद्ध कसं लिहायचं?

मी एक युक्ती काढली. ‘मत’ या शब्दावरच सगळं उभं केलं. मराठीत मत म्हणजे व्होट आणि मत म्हणजे म्हणणंही. ज्याला मत देता येत नाही, त्याला मतच नाही, असं हे कलम सांगतं. मग खाली सदस्यत्वाच्या बदलाची मागणी, बावीस नावं आणि शेवटी मोठ्या अक्षरात: यंदा परकारताईंना मत द्या. हा शेवटचा ‘मत’ मी रागाने इतका गिरवला, इतका गिरवला की कागद मागून उठला.

मिरकाबच्या छापखान्यात मराठी टाइप करणारा कुणी नव्हता. मालक मलबारकडचा. म्हणाला, तुम्ही हाताने लिहून आणा, मी बघून अक्षरं जुळवतो. त्याने अक्षर अन् अक्षर इमानाने जुळवलं. गुळगुळीत कागद, हिरवी चौकट, दोनशे प्रती. गठ्ठा दुपारी टायपिंग सेंटरमध्ये आला. मी दिवसभर दुसऱ्यांच्या अर्जांतल्या चुका काढणारी बाई! अभिमानाने वरची प्रत उचलली.

यंदा परकारताईंना मात द्या.

गिरवताना माझ्या ‘म’ला दोन दांडे झाले होते. त्याने दुसऱ्या दांड्याचा काना केला. आमच्याच पत्रकात आम्हीच सांगत होतो, आमच्या उमेदवाराला हरवा!

मी भाभींना फोन केला आणि रडले. पलीकडून असा हसण्याचा धबधबा, की बसमधली मुलंही हसायला लागल्याचं ऐकू आलं. “वर्तकसाहेबांना कळव,” त्या म्हणाल्या, “तुमचं छपाईचं काम झालंय!”

नव्याने छापायला वेळ नव्हता. मेस्त्रींना सांगितलं तर म्हणाले, “घेवन ये. काना म्हणजे उभो दांडोच मा? दांडो काढूक सुतार व्हयो.”

शुक्रवारची ती सकाळ. अर्दियाची सुतारशाळा, पत्र्याच्या फटींतून येणारी तिरपी उन्हं, त्या उन्हात तरंगणारा लाकडाचा भुसा, थर्मासातला वेलचीचा चहा. दहा-बारा माणसं लांब बाकावर ओळीने बसली होती. प्रत्येकाच्या हातात अर्धं ब्लेड. गुळगुळीत कागदावरची शाई खरवडली की निघते, फक्त हात हलका हवा. मेस्त्री पाठीमागून फिरत होते. “वरची रेघ नको तोडू. रेघ तोडलंस तर अक्षरां सुटी पडतली. फक्त दांडो.” रत्नागिरीचा सलीम, डक्टिंगचं काम करणारा, जीभ दातांत धरून खरवडत होता. एसीची कामं करणारा सिद्धेश तेव्हा नुकताच आला होता. तो म्हणाला, “ताई, गंमत बघा. मत नाही आम्हाला, आणि मत दुरुस्त करतोय आम्ही.”

सगळे हसले. मला त्या हसण्याचा आवाज अजून ऐकू येतो. दोनशे कागदांवरून दोनशे काने निघाले, काळ्या भुकटीची छोटीशी रास झाली आणि मेस्त्रींनी ती फुंकर मारून लाकडाच्या भुशात मिसळून टाकली. त्यांनी एक प्रत मात्र खरवडू दिली नाही. घडी घालून खिशात टाकली. “आठवण.”

मग ते पंधरा दिवस! जिने, लिफ्ट, दारातल्या चपला. प्रत्येक दारामागे वेगळा वास: कुठे फोडणी, कुठे ऊद, कुठे नुसतं फिनेल. “या ना, चहा घ्या,” आणि लगेच आतून साहेबांचा आवाज, “कोण आहे? निवडणूकवाली का?” मी दारात उभं राहून अठ्ठावीस सेकंदांत सगळं सांगायला शिकले, कारण तेवढ्यात मागे थांबवलेल्या लिफ्टचं दार मिटतं. एका काकूंनी पत्रक उजेडाला धरलं. “अगं, इथे काहीतरी खोडलंय.” मी खरं सांगितलं. त्यांनी ते पांढरट ओरखडलेलं ठिकाण बोटाने चाचपलं, नावं वाचली, आणि म्हणाल्या, “हे विश्राम म्हणजे आमच्याकडे कपाट लावायला आलेले तेच का? मी त्यांना पाणी विचारलं होतं का गं?” त्यांना आठवेना. खोडलेला काना छापलेल्या शब्दांपेक्षा जास्त बोलला, हे मला फार उशिरा कळलं.

मतदानाला शाळेचा हॉल भरला. निवडणूक अधिकारी म्हणून एक दातांचे डॉक्टर होते. त्यांनी शिस्तीत चिठ्ठ्या टाकून घेतल्या, वेळ संपल्याचं जाहीर केलं आणि किल्ली फिरवली. पेटी उघडेना. इतकी वर्षं लकी ड्रॉच्या पोरांनी कुलपात काय काय कोंबलं होतं, देव जाणे. डॉक्टरांनी दाढ काढावी तसा जोर लावला. काही नाही. हॉलभर कुजबुज. आणि मग माइकवरून वर्तकसाहेबांचाच आवाज आला: “विश्राममेस्त्री आहेत का? त्यांना जरा पुढे बोलवा.”

मेस्त्री मागच्या भिंतीपासून निघाले. सगळा हॉल ओलांडून आले. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, पेटीभोवती एक बोट फिरवलं, मागची बिजागरी सोडवली आणि झाकण उलट्या बाजूने उघडलं. दोन मिनिटं. आतल्या चिठ्ठ्यांकडे त्यांनी क्षणभर बघितलं. मग बाजूला झाले.

भाभी नऊ मतांनी जिंकल्या. मी किंचाळले, वहिनीने मला मिठी मारली, सलीमने बाहेर जाऊन बकालातून, कोपऱ्यावरच्या त्या दुकानातून, होत्या नव्हत्या तेवढ्या आइस्क्रीमच्या कांड्या आणल्या. वर्तकसाहेबांनी भाभींना हात जोडले आणि मला विचारलं, “ते कलम बदलाल ना आता? मीच बदलायला हवं होतं.” मला त्यांचा राग आणायचा होता. आला नाही.

कलम बदललं. पण घटनेला घटनेची चाल असते. सर्वसाधारण सभा, मग मसुदा, मग पुन्हा सभा. लागू पुढच्या निवडणुकीपासून. मार्चमध्ये मेस्त्री कायमचे गेले. विमानतळावर त्यांच्या खोक्यांना दोऱ्या बांधताना मी म्हटलं, “काका, तुमची चिठ्ठी राहिली.”

“ऱ्हवांदे गो. पेटी चांगली केलंय मा? टिकात.”

हे सगळं आज आठवायचं कारण एसी नाही. कारण माझ्या मेजावर आहे.

यंदा मतदान माणशी आहे. वहिनीचं आहे, माझं आहे, अर्दियाचं आहे. आणि यंदा भाभी विद्यमान अध्यक्ष आहेत, मी त्यांची प्रचारक आहे आणि समोर सिद्धेश उभा आहे. तोच, ब्लेडवाला. परवा मी आमच्या पत्रकात ‘अनुभवी नेतृत्व’ लिहिलं आणि माझीच मला शिसारी आली. ‘विकासाची वाटचाल’ असंही लिहिलं होतं. मी कॉलेजातली मयुरी असते, तर हे पत्रक बोळा करून मारलं असतं.

सिद्धेशचं म्हणणं एका ओळीचं. मत दिलंत, पण पेटी महबूलात ठेवलीत. शुक्रवारी सकाळी अर्दियाहून यायला आम्हाला ना कंपनीची गाडी, ना सोय. गेल्या महिन्याच्या बैठकीत हा मुद्दा आला, तेव्हा “व्यवस्था अवघड जाईल” असं म्हणणारी मीच होते. सहज म्हटलं होतं. माइकवरसुद्धा नाही. ते मला दिसलेच नव्हते.

आणि काल सलीमने त्यांचं पत्रक आणून दिलं. हिरवी चौकट. बावीस नावं. शेवटी ठळक अक्षरात: यंदा परकारताईंना मात द्या. काना असा जाड, असा ताठ, की लांबून दिसावा. सोबत फोनवर कणकवलीहून आलेला एक आवाज होता. मागे कोंबडा आरवत होता. “मयू गो, काना माझो हा. जपान ठेवलेलंय, पोरांका धाडलंय. रागाव नको. शबानाबायेक सांग, माझा मत ह्या.”

मी ते घेऊन भाभींकडे पळाले. त्या बसच्या याद्या लावत होत्या. पत्रक वाचलं, दोनदा वाचलं, मोठ्याने हसल्या आणि मग बावीस नावांवरून बोट फिरवत गेल्या.

“पेटी अर्दियाला नेऊ,” मी म्हटलं. “सकाळी तिथे, दुपारी इथे. डॉक्टरांशी बोलते मी.”

“सिद्धेशची सगळी मतं तिथली आहेत. पेटी नेली तर आपण पडू.”

“पडू.”

त्यांनी चष्मा काढला. “मग वाट कसली बघतेस? फोन लाव डॉक्टरांना. मी गाडीचं बघते.”

उद्या शुक्रवार. डॉक्टर आधी कुरकुरले, मग कबूल झाले, म्हणाले, “कुलूप मात्र तेल घालून आणा.” घातलंय. पेटी आत्ता माझ्या पायाशी आहे. बिजागरीचे स्क्रू कुठले मूळचे आणि कुठले नंतरचे, ते मला ओळखता येतं. सकाळी ती मांडीवर घेऊन मी अर्दियाला जाणार, सुतारशाळेतल्या त्या लांब बाकावर ठेवणार, जिथे ती एकदा रंधली गेली होती. आयुष्यातली माझी पहिली चिठ्ठीही तिथेच टाकणार. कुणाच्या नावाची, ते भाभींनाही सांगणार नाही.

खिडकी उघडी आहे. खोकणारं बाळ झोपलं असावं. पत्रक समोर आहे आणि पेन्सिलीला टोक काढायचं ब्लेड खणात आहे. मघाशी हात तिकडे गेला होता, सवयीने.

काना आहे तिथे राहू दिला.